पोटातलं पाणी घरी काढायची नळी आणि पॅलिएटिव्ह टीम : आईच्या आजारातला आमचा अनुभव

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. ओव्हरीच्या कॅन्सरमुळे पोटात पुन्हा पुन्हा पाणी भरत असेल आणि दर थोड्या दिवसांनी टॅपिंगसाठी, म्हणजे हॉस्पिटलात सुई घालून पाणी काढायला, पळावं लागत असेल, तर पोटात कायमची बसवायची एक नळी असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ते स्वतःहून विषय काढतील म्हणून थांबू नका. माझ्या आईला बसवली होती, पाणी मी आणि बाबा घरीच काढायचो. खरं तर फक्त नळीचाच रिव्ह्यू लिहायला बसले होते, पण जी पॅलिएटिव्ह टीम (पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारे डॉक्टर-सिस्टर) घरी यायची तिच्याशिवाय नळीचा अर्धाही उपयोग झाला नसता, त्यामुळे दोन्हींबद्दल एकत्रच लिहितेय. लांबेल, पण ज्यांच्या घरात हे चालू आहे ते वाचतील.

आधी हे पाणी येतं कुठून ते, कारण आम्हाला हे फार उशिरा कळलं आणि कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशी पोटाच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पेरिटोनियमवर, बारीक बारीक दाण्यांसारख्या पसरतात. त्या व्हीईजीएफ नावाचं एक द्रव्य सोडतात, त्याने रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि पाणी पोटात झिरपत राहतं. एरवी असं पाणी छातीच्या पडद्याखालच्या लसिकावाहिन्या शोषून घेतात, पण त्याच वाहिन्या कॅन्सरच्या पेशींनी तुंबतात. म्हणजे येणं वाढतं आणि जाणं बंद होतं. लिव्हरच्या आजारात पोटात पाणी होतं ते वेगळ्या कारणाने, तिथे लिव्हरकडे जाणाऱ्या शिरांमधला दाब वाढलेला असतो, म्हणून तिथे लघवी जास्त व्हायच्या गोळ्या चालतात. इथे त्या बहुतेकदा फारशा चालत नाहीत. लिव्हरमध्येही गाठी असतील तर डॉक्टर कधी कधी देऊन बघतात. आईला दिल्या होत्या, पोट तेवढंच राहिलं आणि उलट अशक्तपणा आला, उठलं की चक्कर, तोंड कोरडं. त्यामुळे कोणी म्हणालं ना की पाणी कमी प्यायला सांगा, मीठ बंद करा, तर तसं घरच्या घरी सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. या आजारात पेशंटचं खाणंपिणं आधीच एवढं कमी झालेलं असतं, त्यात अजून कशाला तोडायचं.

पाण्याचा त्रास म्हणजे नुसतं पोट मोठं दिसणं असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. जठराला जागाच उरत नाही, चार घास खाल्ले की पोट गच्च, मग मळमळ, मग आंबट वर येणं. पडदा वर ढकलला जातो म्हणून आडवं पडलं की धाप लागते, म्हणजे रात्रभर उशा लावून बसून राहायचं. कंबर धरते, पाय सुजतात, वारंवार लघवीला जावंसं वाटतं, संडासला होत नाही. कूस बदलता येत नाही. आईला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल तर वाकता न येण्याचा. पायात चप्पल घालायला दुसरा माणूस लागायचा आणि ते तिला अजिबात सहन व्हायचं नाही, दुखण्यापेक्षा जास्त.

टॅपिंगला मी वाईट म्हणणार नाही. पहिल्यांदा पाणी काढलं तेव्हा दोन-तीन तासांत आईचा चेहराच बदलला, त्या रात्री ती सपाट झोपली. सोनोग्राफीत बघून जागा ठरवतात, कातडी बधिर करतात, बारीक ड्रेन घालतात आणि काही तासांत बरेच लिटर पाणी काढून ड्रेन काढून टाकतात. उगाच दोन-तीन दिवस ठेवत नाहीत, कारण इन्फेक्शनची भीती. लिव्हरच्या पेशंटना खूप पाणी काढताना अल्ब्युमिनची (रक्तातल्या एका प्रोटीनची) सलाईन देतात, कॅन्सरच्या पाण्यात ती सरसकट लागत नाही, डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. सगळं ठीक. पण पाणी परत येतं. काहींना तीन-चार आठवड्यांनी, काहींना आठवड्यातच, आणि आजार पुढे जाईल तसं अंतर कमी होत जातं.

आणि खरी गोम इथेच आहे. टॅपिंगनंतर काही दिवस बरे जातात, मग हळूहळू पोट भरायला लागतं, मग जेवण सुटतं, मग झोप सुटते, तरी "अजून थोडं भरू दे मग काढू" असं म्हणून थांबायचं, कारण प्रत्येक वेळी अपॉइंटमेंट, प्रवास, सुई, तिथे ताटकळत बसणं. म्हणजे दोन टॅपिंगच्या मधले जवळजवळ अर्धे दिवस वाईटच. जिच्याकडे दिवसच मोजके आहेत तिचे अर्धे दिवस पाणी भरायची वाट बघण्यात जातात. टॅपिंग पाणी साचल्यावर काढतं, नळी मुळात तेवढं साचूच देत नाही. माझ्या मते या नळीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, इन्फेक्शन, खर्च, सोय हे सगळं नंतर.

नळी कशी असते ते सांगते, कारण "कायमची नळी" म्हटलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. मऊ सिलिकॉनची असते, साधारण पाच मिलिमीटर जाड. आतल्या टोकाला बाजूने भोकं असतात ते टोक पोटातल्या पाण्यात राहतं. मधला थोडा भाग कातडीखालून बोगद्यासारखा नेलेला असतो आणि तिथे नळीवर कापडासारखा एक कफ असतो, काही आठवड्यांत शरीराचा पेशीजाल त्या कफात वाढतो आणि नळी घट्ट धरून ठेवतो, शिवाय बाहेरचे जंतू आत जायला आडकाठी होते. बाहेरच्या टोकाला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. पाणी ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम बाटलीचं टोक आत घातल्याशिवाय त्यातून काही बाहेर येत नाही की आत जात नाही. बसवायला पूर्ण भूल लागली नाही, जागा बधिर केली आणि थोडी गुंगी दिली, सोनोग्राफी आणि एक्सरेच्या मदतीने बसवली, दोन छोटे काप, दोन-चार टाके. पहिले काही दिवस जागा दुखली आणि थोडं पाणी बाजूने झिरपलं, ते नंतर आपोआप थांबलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या प्रकारच्या नळ्या साधारण सारख्याच असतात, तुमच्याकडे जी मिळेल ती. हा काही कालचा शोध नाहीये. अशा नळ्या आधी छातीतलं पाणी काढायला आल्या, नंतर पोटासाठी वापरायला लागले, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये, बाकी उपचारांना न जुमानता पुन्हा पुन्हा होणाऱ्या कॅन्सरच्या पाण्यासाठी व्हॅक्यूम बाटलीच्या नळीची शिफारस केलेली आहे. तरीही आम्ही जिथे टॅपिंगला जायचो त्या हॉस्पिटलमध्ये कोणीही हा पर्याय सांगितला नाही. विचारल्यावर म्हणाले, "हो, तसं असतं." याचा राग मला अजून आहे आणि तो लिहायलाच हवा होता.

आता प्रत्यक्ष पाणी काढणं. टीमच्या सिस्टरने आधी स्वतः करून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं, मग बाबांकडून, आणि मगच आम्हाला एकटं करू दिलं. हात साबणाने नीट धुवायचे, जुनं ड्रेसिंग हळू काढायचं, नळीच्या भोवतीची कातडी बघायची, लाल आहे का, सुजली आहे का, पू आहे का. सेटमधले निर्जंतुक हातमोजे घालायचे. टोपण काढायचं, व्हॉल्व्ह स्पिरिटच्या कापसाने पुसायचा, बाटलीच्या नळीचं टोक आत दाबायचं, "टक्" असा आवाज येतो, हाताला पण जाणवतो. मग बाटलीचा क्लॅम्प उघडला की आतल्या व्हॅक्यूमने पाणी स्वतःच ओढलं जातं. पिवळसर, थोडं फेसाळ, कधी कधी किंचित लालसर, आणि बाटली हातात धरली की कोमट लागते, आईच्या अंगाची ऊब असते ती. एक बाटली भरायला दहा-पंधरा मिनिटं. बाटल्या अर्ध्या लिटरच्या आणि एक लिटरच्या येतात, आणि पोटातून एका वेळी दोन लिटरच्या वर काढायचं नाही असं आम्हाला बजावून सांगितलं होतं. झालं की नवीन टोपण, प्रत्येक वेळी नवीनच, खाली फोमची चकती, त्यावर नळीचं वेटोळं, वर जाळी आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी. किती काढलं, रंग कसा होता, दुखलं का, हे बाबा वहीत लिहायचे. ती वही पुढे डॉक्टरांना रिपोर्टइतकीच उपयोगी पडली.

पहिल्यांदा एकटीने काढलं तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की आईच म्हणाली, "अगं दमाने घे, मला काही होत नाहीये." मग सवय झाली. आम्ही आधी रोज थोडं थोडं काढायचो, नंतर दिवसाआड. ठरलेलं वेळापत्रक पाळण्यापेक्षा तिला पोट जड वाटायला लागलं की काढायचं, हे टीमने शिकवलं आणि ते बरोबर होतं. एक दिवस सकाळी बघते तर आई पलंगाच्या कडेला बसून स्वतः वाकून चप्पल घालत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघतेस काय, जा चहा टाक." त्या दिवसापासून ती बाथरूमला आपली आपण जायला लागली. जेवण एकदम वाढलं असं नाही पण दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं जाऊ लागलं, आणि जेवणाआधी अर्धा तास जठर पुढे रिकामं करणारी गोळी डॉक्टरांनी सुरू केली होती, तिचाही फायदा झाला.

त्रास काय काय झाले ते पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यू अर्धवट. बाटली संपत आली की पोटात ओढल्यासारखी कळ यायची. पाणी कमी झालं की व्हॅक्यूम आतलं अस्तर खेचतो म्हणून, त्यावर उपाय सोपा आहे, क्लॅम्प थोडा बंद करून वेग कमी करायचा, नाहीतर तिथेच थांबायचं, शेवटचा थेंब काढायचा अट्टाहास करायचा नाही. चिकटपट्टीने कातडीला पुरळ आलं, सिस्टरने दुसऱ्या प्रकारचं ड्रेसिंग आणून दिलं. बाटल्यांचे खोके फार जागा खातात, पलंगाखाली, कपाटात, सगळीकडे तेच. एकदा पाणी यायचंच बंद झालं आणि पोट तर फुगलेलं, तेव्हा नळीत फायब्रिनची (रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांची) गुठळी अडकली होती, सिस्टरने येऊन सलाईन सोडून मोकळी केली. हे घरी स्वतः करायचं नाही. तसंच लागोपाठ काही वेळा अगदीच थोडं पाणी आलं तर कळवायचं, एक तर पाणी खरंच कमी झालेलं असतं, नाहीतर पोटात कप्पे झालेले असतात आणि नळी एकाच कप्प्यात असते. ताप, थंडी, पोट दाबलं की दुखणं, पाणी गढूळ दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन. इन्फेक्शनला अँटिबायोटिक लागतं, बऱ्याचदा नळी न काढताही भागतं, पण उशीर करायचा नाही. पाण्याबरोबर प्रोटीन जातं हे खरं आहे, म्हणून काही नातेवाईक आम्हाला म्हणाले की तुम्ही तिचं सत्त्वच काढून टाकताय. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की पोटात साचलेलं ते प्रोटीन तिच्या रक्ताच्या कामाचं तसंही राहिलेलं नाही, आणि पोट मोकळं असेल तर ती तोंडाने काहीतरी खाईल तरी. हे मला पटलं.

अजून एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. अंगातून बाहेर आलेली नळी रोज बघणं बाईला जड जातं. आईने काही दिवस आरशात बघणं सोडलं होतं. सैल कपडे घातले की बाहेरून काही दिसत नाही, झोपताना टोचत नाही, पण मनाला सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यायला हवा, "काय एवढं त्यात" असं कोणी म्हणू नये.

ही सगळ्यांसाठी नाहीये. पाण्याला आधीच इन्फेक्शन असेल, रक्त गोठायचा प्रॉब्लेम असेल, पोटात बरेच कप्पे झाले असतील तर डॉक्टर नको म्हणतील. आजार नुकताच कळलाय आणि पहिली केमो सुरू होतेय अशी बाई असेल तर बऱ्याचदा केमोनेच पाणी आटतं, तिथे एक-दोन टॅपिंगमध्ये भागू शकतं. आणि अगदी शेवटचे थोडेच दिवस असतील तर नळी बसवायला नेण्याची दगदग करायची का, याचा विचार करावा लागतो. म्हणून वेळ महत्त्वाची. दुसरं किंवा तिसरं टॅपिंग होत असेल आणि पाणी पटापट भरतंय असं दिसत असेल तर तेव्हाच विचारा.

औषधाने पाणी कमी होतं का, तर काहींना होतं. प्लॅटिनम असलेल्या औषधांची केमो संपून सहा महिन्यांच्या आत आजार उलटला तर त्याला प्लॅटिनम रेझिस्टंट म्हणतात, आईचं तेच झालं होतं. अशा बायकांवर ऑरेलिया नावाची ३६१ जणींची ट्रायल झाली, २०१४ मध्ये छापून आली, त्यात नुसत्या केमोची तुलना केमो अधिक बेव्हॅसिझुमॅबशी केली. बेव्हॅसिझुमॅब म्हणजे वर लिहिलेल्या त्या व्हीईजीएफलाच अडवणारं औषध. त्यात पोटाच्या तक्रारी ठरवलेल्या मापाने सुधारलेल्या बायका, पहिल्या दोन महिन्यांच्या सुमारास, नुसत्या केमोत ९.३ टक्के आणि बेव्हॅसिझुमॅब जोडलं तिथे २१.९ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त, पण बघा, तरीही पाचातल्या चार जणींना तेवढा फरक पडला नाही. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण केमो चालू आहे ना मग पोटाचा त्रास आपोआप जाईल असं धरून कितीतरी लोक बसून राहतात. आणि आतडं अडकलेलं असेल किंवा गाठ आतड्यात घुसलेली असेल तर हे औषध देत नाहीत, आतड्याला भोक पडायचा धोका असतो. आईला याच कारणाने नाही म्हणाले. केमो चालू असो नसो, पोटाच्या त्रासाचा उपाय वेगळा आणि त्याच वेळी चालू हवा.

आता टीमबद्दल. एक डॉक्टर, एक सिस्टर, आणि बोलायला येणाऱ्या एक ताई. नळी पाण्याचं बघते, दुखण्याचं नाही. ओटीपोटातल्या गाठीची खोल, कमरेत आणि मांडीत उतरणारी कळ पाणी काढून जात नाही. तिथे मॉर्फिन लागलं. मॉर्फिन म्हटल्यावर बाबा एकदम गप्प झाले, त्यांना वाटलं संपलं सगळं. डॉक्टरांनी त्यांना बाजूला बसवून सांगितलं की हे दुखण्याचं औषध आहे, दुखणं आहे म्हणून देतोय, मरण जवळ आलं म्हणून नाही, आणि दुखण्यासाठी नीट मोजून दिलं तर व्यसन लागायची भीती धरू नका. घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळी द्यायचं, दुखेपर्यंत थांबायचं नाही, मध्येच कळ आली तर वेगळा छोटा डोस. आणि पहिल्या गोळीबरोबरच संडास साफ व्हायचं औषध सुरू, कारण मॉर्फिनने मळमळ आणि पेंग काही दिवसांत कमी होते पण बद्धकोष्ठ जात नाही. हे इतकं साधं आहे आणि इतक्या ठिकाणी विसरलं जातं. ओव्हरीच्या पेशंटचं पोट आधीच तट्ट, त्यात संडास अडली तर कोणता त्रास कशामुळे हेच कळत नाही. पुढे गोळ्या पोटात टिकेनात तेव्हा फेंटानिल या दुखण्याच्याच औषधाचा कातडीवर चिकटवायचा पॅच दिला, तो तीन दिवसांनी बदलायचा.

टीमची खरी परीक्षा आतडं अडकलं तेव्हा झाली. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये हे बरेचदा होतं, बाहेरून गाठी आतड्याला एका नाही तर अनेक ठिकाणी दाबतात. आईला पोटात पीळ पडल्यासारखी कळ यायची, थांबायची, परत यायची, मग हिरव्या उलट्या, गॅस पास होणं बंद. आम्ही घाबरून तडक हॉस्पिटलला निघालो होतो, पण सिस्टरने फोनवर आधी नीट विचारून घेतलं आणि संडास साफ व्हायचं औषध ताबडतोब बंद करायला सांगितलं. सर्जनचं मत घेतलं. एकाच जागी अडकलं असेल आणि पेशंटमध्ये ताकद असेल तर ऑपरेशन किंवा स्टेंटचा (आतडं उघडं ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचा) विचार होतो, आईचं अनेक जागी होतं, पोटात पाणी होतं, तब्येत खालावलेली, सर्जननेच स्पष्ट सांगितलं की ऑपरेशनने भलं होणार नाही. मग औषधांवर. त्यात काय काय होतं ते लिहिते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना शब्द ओळखीचे वाटतील. आतड्याची सूज कमी करायला डेक्सामेथासोन. पिळाची कळ आणि आतला स्राव कमी करायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. मळमळीला हॅलोपेरिडॉल. ऑक्ट्रिओटाइडही देतात, ते आतड्यातला स्राव कमी करतं. पण त्याबद्दल २०१५ मध्ये छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये, सगळ्यांना डेक्सामेथासोन आणि रॅनिटिडीन चालू असताना, ऑक्ट्रिओटाइड जोडून उलटी न होणारे दिवस वाढले नाहीत. आमच्या डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं, म्हणाले देऊन बघू, तीन दिवसांत फरक दिसला नाही तर बंद करू, उगाच टोचत राहायचं नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. आणि एक सावधगिरी, मेटोक्लोप्रमाइड आतड्याला पुढे ढकलतं, त्यामुळे आतडं पूर्ण बंद असेल आणि पीळ पडत असेल तर ते देत नाहीत, अर्धवट अडकलेलं असेल तर उपयोगी पडतं. म्हणून जुनी उलटीची गोळी घरात पडलीये म्हणून देऊ नका.

ही सगळी औषधं तोंडाने कशी देणार, उलट्या चालू असताना. त्यासाठी सिरिंज पंप लावला, छोटा, बॅटरीवर चालणारा, कातडीखाली बारीक सुई आणि चोवीस तास थेंबाथेंबाने औषध. शीर शोधायची कटकट नाही, सिस्टर रोज येऊन सिरिंज बदलायची. दोन-तीन दिवसांत कळ थांबली. उलटी दिवसातून एखाद वेळ राहिली, आणि टीमने आधीच सांगितलं होतं की उलटी शून्यावर येईल असं वचन देत नाही, पण मळमळ नक्की आवाक्यात आणू. तसंच झालं. नाकातली नळी थोडे दिवस घातली होती, आईला ती अजिबात नको होती, म्हणून काढली. उलट्या आवरल्या नसत्या तर जठराला पोटातून एक नळी बसवून आतलं बाहेर काढायचा पर्यायही सांगून ठेवला होता, तो लागला नाही. सलाईनवर सगळं पोषण द्यावं का हे आम्ही विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले आणि का ते सविस्तर सांगितलं, आतडं कायमचं बंद आणि आजार पुढे गेलेला असताना त्याने ताकद येत नाही, सूज आणि पाणी वाढायची शक्यता जास्त. तोंड कोरडं पडू नये म्हणून घोट घोट पाणी, बर्फाचा खडा, ओठांना मलम, दिवसातून अनेकदा तोंड स्वच्छ करणं. हे काम घरच्यांनी करायचं असतं आणि ते केल्याने खरंच फरक पडतो, करणाऱ्यालाही.

टीममध्ये कमी काय वाटलं तर दोन गोष्टी. सुट्टीच्या दिवशी फोन उचलणारी व्यक्ती वेगळी असायची, तिला आईची हकीकत पहिल्यापासून सांगावी लागायची. म्हणून आम्ही औषधांची, डोसची आणि नळी कधी बसवली याची एक चिठ्ठी फ्रिजला लावून ठेवली, सरळ वाचून दाखवायची. आणि मॉर्फिनचा पुरवठा आमच्याकडून अगदी संपत आल्यावर मागितला जायचा, ते आधीपासून मोजून ठेवायला टीमने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

बाकी तक्रार नाही, फक्त एकच की आम्हाला ही टीम फार उशिरा मिळाली. "अजून ती वेळ आलेली नाही" असं आम्हाला सांगितलं गेलं. २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर एक अभ्यास झाला होता, १५१ पेशंट, अर्ध्यांना निदान झाल्यापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह टीम दिली, त्यांचे दिवस जास्त चांगले गेले आणि ते सरासरी जास्त जगले सुद्धा. तो आजार वेगळा, हे मान्य, पण केमो थांबल्यावरच टीमला बोलवायचं या विचाराला त्यात काही आधार मिळत नाही. ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला, आणि टीमला एकमेकांचे नंबर द्या, दोघं एकत्र चालू शकतात, आमच्याकडे चालले.

कोणी विचारतं म्हणून काही बारीकसारीक. अंघोळ करता येते, पारदर्शक ड्रेसिंग नीट चिकटलेलं असेल तर शॉवर चालतो, टबमध्ये किंवा पोहायला नाही. ड्रेसिंग ओलं झालं तर लगेच बदला. सोनोग्राफीला अडचण येत नाही, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात, एमआरआय असला तरी, नळी आहे हे आधी सांगा. कात्री ड्रेसिंगच्या जवळ आणू नका, चुकून नळीला लागली तर काप आणि अंग यांच्या मधली नळी चिमट्याने बंद करून फोन करायचा, त्यासाठी एक क्लॅम्प सेटमध्ये असतो तो पलंगापाशीच टांगून ठेवा. काढलेलं पाणी संडासात ओतायचं आणि फ्लश करायचं, बाटल्या कुठे टाकायच्या ते टीमला विचारा. पाणी आटलं तर नळी काढताही येते, छोटीशी प्रोसिजर असते, कफ सोडवून घेतात. आईची शेवटपर्यंत राहिली, शेवटच्या आठवड्यात पाणी फार कमी यायचं म्हणून आम्ही फक्त तिने सांगितलं तेव्हाच काढलं. न वापरलेल्या सीलबंद बाटल्या टीमने परत घेतल्या, दुसऱ्या एका पेशंटला त्याच आठवड्यात लागणार होत्या.

नळी बसवायची ठरली तर बसवण्याच्या आधीच या तीन गोष्टी विचारून घ्या : बाटल्या आणि ड्रेसिंगचा पुरवठा कोण करणार आणि किती दिवसांचा साठा हाताशी ठेवायचा, घरी येऊन शिकवणार कोण, आणि रात्री दोन वाजता पाणी बाजूने गळायला लागलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत घरी जायची घाई करू नका.